१९५७ सालची स्वस्ताई: एका फिरत्या मजकुराला उत्तर

पेट्रोल महागलं, सोनं चढलं किंवा अर्थसंकल्प आला की एक मजकूर घरोघरच्या व्हॉट्सॅप गटांत पुन्हा फिरायला लागतो. आकडे थोडे इकडचे तिकडे होतात, गाभा तोच राहतो. १९५७ ते ५९ च्या सुमाराचा भारत. एका डॉलरला एक रुपया. सोनं नव्वद रुपये तोळा. शंभर रुपये पगारात सात-आठ माणसांचं घर थाटात चालायचं. मुंबईत दहा रुपये भाड्याने खोली मिळायची. भेसळ नव्हती, दूध-तूप मुबलक होतं, माणसं निरोगी होती. लाचलुचपत कुणाला ठाऊक नव्हती. संध्याकाळी घरोघरी रेडिओ लागायचा, गावात सगळे एका कुटुंबासारखे राहायचे आणि वर्तमानपत्रात संप, मोर्चे, गोळीबार असलं काही नसायचं. शेवटी ‘ते दिवस परत येतील का?’ असा प्रश्न.

हा मजकूर वाचून मला राग येतो. आपलं बालपण कुणाला गोड वाटत असेल तर त्यावर वाद घालण्यासारखं काहीच नाही. पण हा मजकूर आकडे देतो, आणि त्या आकड्यांखाली एकेक आणा मोजून संसार केलेल्या माणसांचे हाल गाडून टाकतो. म्हणून मुद्दे एकेक करून घेतो.

‘एका डॉलरला एक रुपया’

स्वतंत्र भारतात असा एकही दिवस नव्हता. रुपया तेव्हा डॉलरला बांधलेलाच नव्हता, तो ब्रिटिश पौंडाला बांधलेला होता. एक रुपया म्हणजे १ शिलिंग ६ पेन्स. पौंड-डॉलरचा तेव्हाचा दर त्यात धरला की १९४७ साली एका डॉलरला आजच्या हिशेबाने साधारण ३ रुपये ३० पैसे येतात. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं, त्याच्याबरोबर रुपयाही उतरला आणि डॉलर ४ रुपये ७६ पैशांना झाला. हा दर जून १९६६ च्या अवमूल्यनापर्यंत टिकला. मजकुरात दिलेल्या तिन्ही वर्षी दर हाच होता.

तो टिकवतानाही सरकारच्या नाकी नऊ आले होते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी यंत्रं बाहेरून आणायची होती, धान्यही बाहेरून येत होतं. १९५७ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी झपाट्याने आटली, आयातीवर कडक निर्बंध आले, आणि ऑगस्ट १९५८ मध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने भारताला मदत देणाऱ्या देशांची बैठक भरवावी लागली.

‘सोनं नव्वद रुपये तोळा’

नव्वदचा आकडा खरा आहे, पण तो दहा ग्रॅमचा आहे. तेव्हाचा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. म्हणजे १९५७ साली तोळा शंभरीच्या पुढेच होता. १९५९ मध्ये दहा ग्रॅमचा भावही शंभरावर गेला, तेव्हा तोळा एकशेवीसच्या घरात पोचला.

आता हे सोनं खरंच स्वस्त होतं का ते बघा. जगाच्या बाजारात तेव्हा सोन्याचा भाव बांधलेला होता: एका औंसाला ३५ डॉलर. औंस ३१.१ ग्रॅमचा, डॉलर ४.७६ रुपयांचा. हिशेब केला तर दहा ग्रॅमला साडेत्रेपन्न रुपये पडतात. म्हणजे जग ज्याला साडेत्रेपन्न देत होतं त्याला मुंबईच्या झवेरी बाजारात नव्वद ते शंभर द्यावे लागत होते. सोन्याच्या आयातीवर बंदी होती आणि लग्नाकार्याची मागणी हटत नव्हती, म्हणून ही तफावत. तिच्यावरच चोरट्या आयातीचा धंदा उभा राहिला. आखाती देशांत तेव्हा भारतीय रुपयाच चालायचा. इथून नोटा तिकडे जायच्या, तिकडून सोनं गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागायचं, आणि तिथे साचलेल्या नोटांच्या बदल्यात रिझर्व्ह बँकेला परकीय चलन मोजावं लागायचं. शेवटी १९५९ साली आखातासाठी वेगळ्या नोटा छापाव्या लागल्या. ज्या सोन्याची स्वस्ताई आज मिरवली जाते, त्याच सोन्याच्या महागाईमुळे सरकारला चलन बदलावं लागलं.

एक गोष्ट मान्य करतो. पगाराच्या मापाने मोजलं तर आज सोनं तेव्हापेक्षा जास्त जड जातं, कारण अलीकडे त्याचा भाव दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेला आहे. पण घर सोन्यावर चालत नाही. ते ज्वारी, तेल, कापड, औषध, शाळा यांवर चालतं.

‘शंभर रुपयांत सात-आठ माणसांचं घर थाटात’

माझा मुख्य वाद इथे आहे.

पहिला प्रश्न: शंभर रुपये पगार होता तरी कुणाला? केंद्र सरकारने १९५७ मध्ये दुसरा वेतन आयोग नेमला. न्यायमूर्ती जगन्नाथ दास त्याचे अध्यक्ष होते. १९५९ मध्ये त्या आयोगाने शिपाई, खलाशी, गँगमन अशा तळच्या सरकारी नोकरासाठी किमान वेतन सुचवलं ते महागाई भत्ता धरून ८० रुपये. हे सरकारी नोकराचं झालं, आणि सरकारी नोकरी म्हणजे तेव्हा डोक्यावर छत्र. शेतमजुराचं काय? १९५६-५७ ची देशभरची शेतमजूर पाहणी उपलब्ध आहे. पुरुषाची दिवसाची सरासरी मजुरी ९६ नवे पैसे, बाईची ५९. शेतमजूर कुटुंबाचं वर्षाचं सरासरी उत्पन्न ४३७ रुपये. बारांनी भागलं की महिन्याला छत्तीस रुपये, तेही पूर्ण कुटुंबाचे. १९५०-५१ च्या पाहणीत पुरुषाची मजुरी १०९ पैसे आली होती. म्हणजे मजकूर ज्याला सुवर्णकाळ म्हणतो त्या काळात शेतमजुराच्या हातात रोख आकड्यानेसुद्धा कमी पैसे पडत होते.

दुसरा प्रश्न: शंभर रुपयांत आठ माणसांचा थाट राहायचा का? हे तेव्हाच्याच जाणत्यांनी मोजून ठेवलं आहे. १९६२ मध्ये नियोजन आयोगासाठी एका अभ्यासगटाने जगायला कमीत कमी किती लागतं ते ठरवलं. आपले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि सर्वोदयी कार्यकर्ते अण्णासाहेब सहस्रबुद्धे त्या गटात होते. १९६०-६१ च्या भावांनी माणशी महिना २० रुपये, आणि त्यात औषधपाणी व शिक्षण धरलेलं नाही, असं त्यांनी सांगितलं. आठ माणसांना १६० रुपये झाले. मजकूर ज्या शंभर रुपयांना थाट म्हणतो त्यात आठ माणसं दारिद्र्यरेषेच्या खूप खाली राहत होती. तेव्हाच्या अंदाजाने देशातले निम्मे लोक त्या वीस रुपयांच्या आत जगत होते. १९६३ साली लोकसभेत राममनोहर लोहियांनी सामान्य माणूस दिवसाला तीन आण्यांवर जगतो असं म्हटलं, पंडित नेहरूंनी पंधरा आणे सांगितले. त्या वादात कुणाचा आकडा बरोबर हे बाजूला ठेवा. सरकारचा स्वतःचा आकडासुद्धा रुपयाच्या खालचा होता.

तिसरी गोष्ट किमतींची. भाव कमी दिसतात कारण आपण आजच्या खिशाने ते वाचतो. १९५८-५९ मध्ये देशभरच्या औद्योगिक केंद्रांत कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी झाली, आणि तिच्यावरून १९६० पायाभूत धरून महागाईचा निर्देशांक बेतला गेला. त्यात अन्नाचा वाटा साठ टक्क्यांच्या आसपास आहे. याच निर्देशांकाच्या २०१६ च्या मालिकेत तो ३९ टक्के झाला. शंभरातले साठ रुपये पोटातच जात असतील तर उरलेल्या चाळिसांत भाडं, कापड, सरपण, गावची मनिऑर्डर आणि आजारपण बसवायचं. गिरणगावातल्या माणसाला हे आकडे कुणी समजावून द्यायला नकोत. एका खोलीत दहा-पंधरा गाववाले, पाळीप्रमाणे झोपायची वेळ, जेवण खानावळीत, आणि उरेल ते कोकणात नाहीतर घाटावर धाडायचं. बायको-मुलं गावी असायची ती हौसेने नव्हे. त्या पगारात मुंबईत संसार मांडता येत नव्हता म्हणून.

‘महागाई माहीतच नव्हती’ असंही काही प्रतींत असतं. दुसऱ्या योजनेच्या पाच वर्षांत, १९५६ ते ६१, घाऊक भाव जवळजवळ ३० टक्के वाढले. धान्याचे भाव एवढे चढले की १९५७ मध्ये सरकारने अशोक मेहतांच्या अध्यक्षतेखाली अन्नधान्य चौकशी समिती नेमली. पीएल-४८० या अमेरिकेच्या धान्यमदतीच्या कायद्याखालचा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा आहे, आणि त्यातला गहू स्वस्त धान्याच्या दुकानांतून याच वर्षांत वाटला जात होता. पुढे मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या लाल ज्वारीची, आठवण काढणारे लोक असतात, त्या रांगांची सुरुवात इथली आहे.

याच काळात हिशेबाची पद्धतही बदलत होती. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे सोळा आण्यांऐवजी शंभर नवे पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे, त्यामुळे पूर्णांकात बसवताना अर्धा-पाव पैसा कुणाच्या तरी पदरचा जायचा, आणि ज्याची खरेदीच आण्या-दोन आण्यांची, त्याला तो दिवसातून चारदा बसायचा. पाठोपाठ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर-मण जाऊन किलो आले. त्या पिढीने हे सगळं पचवलं, बहुतेकांनी शाळेचं तोंडही न पाहता. १९५१ च्या जनगणनेत साक्षर होते १८ टक्के, १९६१ मध्ये २८.

‘मुंबईत दहा रुपये भाड्याने खोली’

भाडं दहा रुपये असायचं, हे खरं. पण ते भाडं बाजाराने ठरवलेलं नव्हतं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने ते १९४० च्या पातळीला गोठवलं होतं. त्यामुळे ज्याच्या ताब्यात खोली होती तो सुरक्षित राहिला, आणि नव्याने शहरात येणाऱ्याला पागडी मोजावी लागली. ती रोख, पावतीशिवाय, कारण घेणं गुन्हा होता. दहा रुपयांची पावती पेटीत जपून ठेवली गेली, पागडीचा कागद कधी झालाच नाही, म्हणून नातवंडांच्या हाती फक्त दहा रुपये लागले. पागडी जमत नव्हती त्यांनी झोपडी बांधली.

‘भेसळ नव्हती, दूध-तूप मुबलक’

अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा आहे आणि तो १९५५ पासून लागू झाला. भेसळ नसती तर तो करावा लागला नसता. तुपात वनस्पती तूप, म्हणजे डालडा, मिसळण्याचा प्रकार इतका बोकाळला होता की वनस्पती बनवताना त्यात पाच टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं केलं होतं. तपासणीत तिळाचं तेल सापडलं की तुपात वनस्पती आहे हे कळायचं. डाळीत लाखेची डाळ मिसळली जायची, जी रोज पोटात गेली तर पाय लुळे पडतात. तिच्या विक्रीवर १९६१ मध्ये बंदीचा नियम आला.

दुधाचं तर सरळ सरकारी गणित आहे. १९५०-५१ मध्ये माणशी रोज १३० ग्रॅम दूध उपलब्ध होतं, १९६०-६१ मध्ये १२६. आज हा आकडा ४५० ग्रॅमच्या वर आहे. मुंबईत आरेच्या दुधासाठी कार्ड लागायचं आणि पहाटे केंद्रावर रांग लागायची. टोन्ड दूध मुंबई दूध योजनेत तिथले दूध आयुक्त दारा खुरोडींनी रुजवलं ते दूध पुरत नव्हतं म्हणूनच. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि दूधभुकटी घालून ते जास्त घरांपर्यंत पोचवायचं, कमी भावात. तुटवड्यातून काढलेली ही फार शहाणपणाची वाट होती. मुबलकतेचा दाखला म्हणून ती देता येणार नाही.

डाळीच्या बाबतीत मात्र जुन्या माणसांचं म्हणणं खरं आहे. १९६१ मध्ये माणशी रोज ६९ ग्रॅम डाळी-कडधान्यं उपलब्ध होती. पुढे गहू-तांदूळ वाढले आणि डाळी मागे पडल्या.

‘माणसं निरोगी होती’

त्या दशकातलं सरासरी आयुर्मान सुमारे ४१ वर्षांचं आहे. नव्वदीपर्यंत टिकलेले आजोबा आपल्याला दिसतात. त्यांची पाळण्यातच गेलेली भावंडं दिसत नाहीत. १९५३ मध्ये मलेरिया नियंत्रणाची मोहीम सुरू झाली तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत होता असा अंदाज होता. डीडीटीच्या फवारणीने तो या दशकात खूपच खाली आणला, आणि पिंपरीच्या कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलिन बनू लागलं. अभिमान बाळगायचा तर याचा बाळगा.

‘लाचलुचपत कुणाला ठाऊक नव्हती’

आयुर्विमा महामंडळ स्थापन झालं १ सप्टेंबर १९५६ ला. वर्षही झालं नव्हतं तोच जून १९५७ मध्ये महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटीचे शेअर घेतले. पैसा विमाधारकांचा होता आणि त्या कंपन्यांची पत घसरलेली होती. डिसेंबरमध्ये फिरोज गांधींनी, म्हणजे सत्ताधारी पक्षाच्याच खासदाराने, हे प्रकरण लोकसभेत मांडलं. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्यीय आयोग नेमला गेला. त्यांनी मुंबईत उघड सुनावणी घेतली, ती ऐकायला एवढी गर्दी झाली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

म्हणजे भ्रष्टाचार होता, आणि मोठा होता. पण काही आठवड्यांत चौकशी पुरी झाली, लोकांसमोर झाली, आणि मंत्री गेला. त्या काळाकडून मागून घ्यावं असं काही असेल तर मी हे मागेन. मजकूर लिहिणाऱ्याला ते सुचलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

‘संध्याकाळी घरोघरी रेडिओ’

रेडिओ ठेवायला टपाल खात्याचा परवाना लागायचा, वर्षाला पंधरा रुपये. शेतमजुराची पंधरा दिवसांची मजुरी झाली ती. चाळीस कोटींच्या पुढच्या देशात दशक संपताना परवाने वीस लाखांच्या आसपास होते. १९६१ पर्यंत वीज पोचलेली गावं बावीस हजारांच्या घरात, आणि एकूण गावं साडेपाच लाखांहून अधिक. घरोघरी रेडिओ नव्हताच. ज्याच्याकडे असेल त्याच्या दारात लोक जमायचे. पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये वर्षभर गीतरामायण झालं तेव्हा ते असंच ऐकलं गेलं, आणि त्या जमण्यात खरोखर गोडवा होता. तो नाकारायचं मला काही कारण नाही.

पण गाणी? माहिती व नभोवाणी मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. त्यांच्या मते सिनेसंगीताने अभिरुची बिघडत होती, आणि १९५२ पासून आकाशवाणीवरून हिंदी सिनेगीतं जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. पाच वर्षं आपल्याच देशातली गाणी श्रीलंकेहून ऐकल्यावर ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली. ती श्रोत्यांनी पाठ फिरवून मिळवलेली आहे. काही प्रतींत टीव्हीसमोर बसलेलं कुटुंब दाखवतात. दिल्लीत प्रायोगिक प्रसारण १५ सप्टेंबर १९५९ ला सुरू झालं, मुंबईला टीव्ही आला २ ऑक्टोबर १९७२ ला.

‘गावात सगळे एका कुटुंबासारखे’

१९५५ मध्ये अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा करावा लागला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांनी बाबासाहेबांबरोबर धर्म बदलला. १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केला आणि तुरुंग भरले. हे ‘कुटुंब’ कुणाच्या पाणवठ्यावरून पाहिलं, एवढं मजकूर लिहिणाऱ्याने सांगावं.

‘वर्तमानपत्रात संप, मोर्चे, गोळीबार नसायचे’

मराठी माणसाने हे वाक्य पुढे पाठवावं याचं आश्चर्य वाटतं. नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत पोलिसांनी गोळीबार केला. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक माणसं गेली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठी-गुजराती मुलखाचं एकत्र द्वैभाषिक राज्य लादलं गेलं, पंधरवड्यात आचार्य अत्र्यांचा दैनिक ‘मराठा’ निघाला, १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली, आणि ३० नोव्हेंबर १९५७ ला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण करायला आले तेव्हा वाटेवर काळी निशाणं घेऊन माणसं उभी होती. १ मे १९६० पर्यंतची मराठी वर्तमानपत्रं याच बातम्यांनी भरलेली आहेत.

राहिला संप. जुलै १९५७ मध्ये नवी दिल्लीच्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार संघटना यांचं एकमत झालं होतं की किमान वेतन गरजेवरून ठरवावं: रोजचं पुरेसं अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, सरपण-दिवाबत्ती. दोन वर्षांनी वेतन आयोगाने हे माप परवडणारं नाही म्हणून बाजूला ठेवलं आणि ८० रुपये सांगितले. ११ जुलै १९६० च्या मध्यरात्रीपासून केंद्र सरकारचे कर्मचारी संपावर गेले. रेल्वे, टपाल, तार, संरक्षण कारखाने. सरकारने आधीच अध्यादेश काढून संप बेकायदा ठरवला होता, हजारोंना अटक झाली, आणि पाच दिवसांनी संप मागे घ्यावा लागला. त्यांची मागणी होती गरजेवर आधारलेलं किमान वेतन, आणि भाव वाढतील तसा वाढणारा महागाई भत्ता.